पहिलं पाणी

रविवार, ४ फेब्रुवारी १९९६

"पहिलं पाणी झाडाला, दुसरं मोरीत. आणि का ते विचारू नकोस." आईचं वाक्य. नाशिकला, शरणपूरच्या चर्चमागच्या अंगणात. मी अकराची, माझी मैत्रीण सरला बाराची. पितळेचं एक घमेलं दोघींनी दोन बाजूंनी धरलेलं. सरलाने अर्थातच विचारलं, "का?" आई म्हणाली, "प्रभुभोजनाचा प्याला पुसलेलं फडकं आहे ते. त्यातला थेंब गटारात जायचा नाही, कुणाच्या पायाखाली यायचा नाही. कळलं? आता पिळा."

पुढे दोघी लग्न होऊन इथे सुरतेला आलो. तिचे पांडुरंग उधन्याच्या डाइंग हाउसमध्ये, माझे मुकुंद बँकेत. उधन्याच्या आमच्या मराठी चॅपेलमध्ये वेदीची कापडं धुण्याचं काम न सांगता आमच्याकडे आलं. एक महिना तिचा, एक माझा. फेब्रुवारी माझा.

आज कापडं घ्यायला मागच्या खोलीत गेले तर सरला दारात. वाट अरुंद. तिने पदर मुठीत गोळा केला आणि माझ्या अंगावरून निघून गेली. माझा स्पर्श नको म्हणून!

मग मीही माझा गोळा केला. ती गेल्यावर. कुणासाठी, देव जाणे.

रविवार, ११ फेब्रुवारी

नीट लिहून ठेवते. नाहीतर उद्या माझी लेक केतकी विचारेल की तुम्ही लोक नक्की कशावरून भांडलात, आणि मला सांगता येणार नाही.

आम्ही नाशिककडचे अँग्लिकन. बिशप मानणारे, वेदीशी गुडघे टेकणारे, एकाच प्याल्यातून घेणारे. इथली गुजराती मंडळी प्रेस्बिटेरियन. त्यांच्यात बिशप नव्हतेच. सत्तर साली हे सगळे आणि आणखी काही मिळून एक चर्च झालं, सगळ्यांना बिशप आले. आमच्या चॅपेलवर इथल्या बिशपांची सत्ता, आमचे पाळक गामीतसाहेब. व्यारा बाजूचे. मराठी उपासना वाचताना अडखळतात, पण मनापासून वाचतात. पंचवीस वर्षं कुणाला काही टोचलं नाही.

गेल्या वर्षी पांडुरंगभावजींना टोचलं. दक्षिणेकडचे कुणी बिशप त्यांना भेटले. ते म्हणतात, जुनं अँग्लिकन चर्च कधी विसर्जित झालंच नाही, सत्तरचं विलीनीकरण आम्हाला लागू नाही. निम्मी मंडळी भावजींच्या मागे गेली. आता आठ वाजता आमची उपासना, दहा वाजता त्यांची. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी त्यांचे रेव्हरंड भिंगारदिवे नगरहून येतात, तेव्हाच त्यांचं प्रभुभोजन. इमारत एक, प्याला एक, कापडं एक. धुणाऱ्या दोघी.

मुकुंद आमच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्यांचं म्हणणं, "एका हद्दीत एक बिशप, हा अँग्लिकनांचाच नियम. दुसऱ्याच्या हद्दीत घुसून वेदी मांडायची आणि वर आम्हीच खरे म्हणायचं!"

भावजींचं म्हणणं, "हद्द नंतर. आधी बिशप तर खरा पाहिजे. ज्यांच्या बापजाद्यांनी बिशप पाहिला नव्हता ते आम्हाला बिशप शिकवणार?"

हे आज दोघे चॅपेलच्या पायरीवर, चपला घालता घालता बोलले. गामीतसाहेब मध्ये उभे. त्यांच्याच बापजाद्यांबद्दल चाललं होतं. ते चष्मा पुसत राहिले.

सोमवार, १२ फेब्रुवारी

शाळेतून परस्पर चॅपेलला गेले. दोन गाठोडी. एक आमच्या आठचं, एक त्यांच्या दहाचं. आमचं आधी धुतलं. आमच्यात काळ्या मनुका उकळून रस करतात. इथे दारूबंदी, परवान्यासाठी कोण खेटे घालणार. घमेल्यातलं पहिलं पाणी गुलाबी होतं. मागच्या जास्वंदीच्या मुळाशी ओतलं. मुंग्या लगेच हजर. दरवेळी येतात, गोडाचा वास त्यांना कोण कळवतं कोण जाणे.

मग त्यांचं गाठोडं सोडलं. फडक्यावर एक डाग, ओठांच्या रंगाचा. सरला लिपस्टिक लावत नाही. मग दुसऱ्या कुणाचा.

घमेलं भरून मोरीशी उभी राहिले. आमचं जर खरं असेल, मुकुंद म्हणतात ते जर खरं असेल, तर भिंगारदिवेंना इथे अधिकार नाही. अधिकार नाही तर ते प्रभुभोजन नाही. म्हणजे हे नुसतं डागाळलेलं पाणी. ओत मोरीत! कोण बघतंय?

हात वळेना.

जास्वंदीला ओतलं. आणि स्वतःचाच राग आला. धड इकडची नाही, धड तिकडची नाही.

बुधवार, २१ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. कपाळावर राख घेऊन बाहेर आले, तर सरला तिच्या बायकांना सांगत होती, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, "यांच्यात राख तरी कुठली लावतात? शेगडीतली असेल." बायका हसल्या.

मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारच्या सुकलेल्या झावळ्या जाळून मी आणि तिने मिळूनच ती राख केली होती, डबा भरून. हे तिला माहीत आहे. त्याच डब्यातली आहे, हेही माहीत आहे.

प्लेगच्या वर्षी निम्मं सुरत पळालं. आम्ही राहिलो. चॅपेलला बोटावर मोजण्याइतकी माणसं. आम्ही दोघी तोंडाला रुमाल बांधून कापडं धूत होतो. ती म्हणाली होती, "शके, मेलो तर एकाच खड्ड्यात घालायला सांगू. खर्च वाचेल." त्याला दीड वर्षसुद्धा झालं नाही.

रविवार, ३ मार्च

मार्च तिचा. आज पहिला रविवार, म्हणजे भिंगारदिवे नाहीत. फक्त आमचं प्रभुभोजन, फक्त आमची कापडं.

दुपारी छत्री विसरले म्हणून परत गेले. मागच्या खोलीत सरला धूत होती. माझी चाहूल लागली. वळली. घमेलं उचललं, मोरीशी नेलं आणि माझ्याकडे बघत, सरळ माझ्या डोळ्यांत बघत, ओतलं. सगळं. शेवटचा थेंब झटकून.

ती म्हणाली, "काय बघतेस? पाणी आहे."

पाण्याला धड रंगसुद्धा नव्हता. म्हणजे आमची फडकी तिने नीट चोळलीही नाहीत. नुसती बुचकळून काढली असतील. एवढीच आमची किंमत.

छत्री घ्यायचीच राहिली.

सोमवार, ४ मार्च

शाळेत पाचवीच्या पोरांवर ओरडले. कारण नव्हतं.

बुधवार, ६ मार्च

मी कुणाचा द्वेष करू शकत नाही, असं मी समजत होते. लोकही तसंच म्हणतात. "शकुंतलाबाई म्हणजे मऊ लोणी." आता कळलं, की आजवर प्रसंगच आला नव्हता. तिची पाठ, तिचा अंबाडा, तिचं घोगरं गाणं, सगळ्याचा राग येतो. वरणाला फोडणी देताना तिच्याशी मनात भांडते, आणि मनातसुद्धा तीच जिंकते.

रविवार, १० मार्च

मुकुंद संध्याकाळी खुशीत आले. बिशपांनी चौकशी समिती नेमली. दोन वडीलधारे पाळक आणि एक निवृत्त वकील, तेविसाव्या तारखेला येणार. दोन्ही बाजूंची सहमती आहे, की समिती सांगेल ते मान्य. म्हणजे एक बाजू चॅपेलमधून बाहेर जाणार.

"आणि तुझी साक्ष आहे," मुकुंद म्हणाले.

"माझी कशाला?"

"पांडुरंगचं म्हणणं असं, की वर्षभर आम्ही त्यांना वेदी दिली, प्याला दिला, म्हणजे त्यांचं प्रभुभोजन आम्ही खरं मानलं. आमचं म्हणणं, शांततेसाठी जागा दिली, मानलं काहीही नाही. पुरावा काय? तर सेक्रेटरीची बायको स्वतः कापडं धुते, आणि त्यांचं पाणी मोरीत ओतते." मग माझ्या तोंडाकडे बघून थांबले. "मोरीतच ओततेस ना? मी कमिटीत सांगून बसलोय."

मी म्हटलं, "विचारायचं होतं आधी."

"त्यात विचारायचं काय? सरला आपलं मोरीत ओतते, तूच सांगितलंस. रडत सांगितलंस."

केतकी पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, "आ शुं छे, मम्मी? दोन बाजूंचे मोठे लोक मोरीवर भांडताहेत? क्लासमध्ये कुणाला सांगू पण शकत नाही."

मुकुंद तिच्यावर ओरडले. मला बरं वाटलं, त्यांचं लक्ष तिकडे गेलं म्हणून.

शुक्रवार, १५ मार्च

मुकुंदना खरं सांगितलं. जास्वंदीला ओतते. दरवेळी.

ते बँकेतल्या आवाजात म्हणाले, "का?"

"हात वळत नाही."

"हाताला काय विचारतेस? डोक्याला विचार. तुझा हात म्हणतो भिंगारदिवे खरे पाळक. मग तुझा नवरा खोटा. गामीतसाहेब खोटे. एवढं सरळ आहे."

एवढं सरळ नाही. पण सरळ नाही ते कसं, हे मला त्यांच्यासमोर मांडता आलं नाही. इथे कागदावरही येत नाही.

शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "शकू, फक्त मोरी म्हण. एक शब्द आहे. तू नाही म्हणालीस तर मला त्या लोकांत तोंड काढायला जागा नाही."

त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तेवीस वर्षांत कधीच नाही.

बुधवार, २० मार्च

पाडवा. शेजारच्या उषाबाईंनी श्रीखंड दिलं. मुकुंदनी वाटी परत ठेवली.

शनिवार, २३ मार्च

आज झालं.

बाकं आडवी लावून समिती बसली. आमची माणसं डावीकडे, त्यांची उजवीकडे, लग्नात बसतात तशी. पंखा खडखडत होता. इच्छापोरकडून कामाची पाळी सोडून आलेली माणसंसुद्धा होती. कुणाला काय हवं ते स्पष्ट दिसत होतं. प्रत्येकाला दुसरी बाजू फाटकाबाहेर हवी.

मला बोलावलं. वकीलसाहेब म्हातारे, गुजरातीमिश्रित हिंदीत विचारत होते, एक पाळक मराठीत सांगत होते. नाव, काम, किती वर्षं कापडं धुता.

"दहाच्या उपासनेच्या कापडांचं पहिलं पाणी तुम्ही कुठे ओतता?"

मी मुकुंदकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मोरी म्हटलं असतं.

"जास्वंदीच्या मुळाशी."

आमच्या बाजूला कुजबुज. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

"म्हणजे त्यांचं प्रभुभोजन खरं आहे, असं तुम्ही मानता?"

"मानण्याचं मला विचारू नका, साहेब. मला ओतण्याचं विचारा. ओतते जास्वंदीला."

वकीलसाहेब हसले. त्यांनी काहीतरी लिहिलं. मुकुंद पेनचं टोपण काढत होते, लावत होते.

मग सरला. चॉकलेटी काठाची साडी नेसली होती, माझ्या बहिणीच्या लग्नात घेतलेली. मला वाटलं, आता तीही खरं बोलेल. एकदा रागात मोरीत ओतलं म्हणेल, एरवी झाडाला म्हणेल. मी दिलं, आता ती देईल. वेडी मी.

"आठच्या उपासनेचं पाणी?"

"मोरीत."

"दरवेळी?"

"दरवेळी. झाडाला घालण्यासारखं त्यात काय असतं?" आणि माझ्याकडे बोट. "माझ्या शब्दावर जाऊ नका. शकुंतलाबाईंनी डोळ्यांनी पाहिलंय. विचारा त्यांना."

शकुंतलाबाई! जन्मात पहिल्यांदा.

मला पुन्हा उभं केलं. पाहिलंत का? मी म्हटलं, "हो. पाहिलं."

उजवीकडून टाळी वाजली. चॅपेलमध्ये, वेदीसमोर, टाळी.

रविवार, २४ मार्च

आठच्या उपासनेत माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. मुकुंद पुढे, कमिटीबरोबर. गामीतसाहेबांनी प्याला माझ्या ओठांशी धरला तेव्हा त्यांचा हात नेहमीपेक्षा थोडा जास्त थांबला. की मला तसं वाटलं.

गुरुवार, २८ मार्च

निकाल आला. कुणीच बाहेर नाही. समिती म्हणते, आठच्या मंडळीच्या स्वतःच्या माणसाने दहाच्या विधीचा मान राखला आहे, त्यामुळे त्यांना तडकाफडकी काढणं न्यायाचं नाही. हद्दीचा प्रश्न वर पाठवला. तोवर दोन्ही उपासना चालू. मात्र पुढे कटकट नको म्हणून ईस्टरपासून प्याले वेगळे, कापडं वेगळी, कपाटं वेगळी. ज्याचं त्याने धुवायचं.

म्हणजे माझ्या एका उत्तराने सरलाची माणसं आत राहिली, आणि त्याच कागदाने सरला आणि मी कायमच्या सुटलो.

मुकुंदनी निकाल मोठ्याने वाचला, घडी घातली, म्हणाले, "झालं तुझ्या मनासारखं."

माझ्या मनासारखं!

शनिवार, ३० मार्च

कापडांची वाटणी झाली. मी गेले नव्हते. केतकी गेली होती वडिलांबरोबर. तिने सांगितलं: पांडुरंगकाका आणि पप्पा, दोघे वेदीशी उभे, एक आमचं, एक तुमचं, भाजी वाटतात तसं. कोपऱ्यात शाईच्या खुणा केल्या. आईने विणलेल्या लेसचा मोठा रुमाल कुणाला, यावरून अडलं. "पप्पा म्हणाले सासूबाईंचा आहे. काका म्हणाले चर्चला दिलेला आहे, सासूचा कसला."

"मग?"

"मग सरलामावशी आली. म्हणाली, त्यांना द्या. आम्हाला नको त्यांचं काही." केतकी जरा थांबली. "पण मम्मी, घडी तिनेच घातली. खूप वेळ घालत होती."

मी म्हटलं, लेस नाजूक असते, वेळ लागतो.

रविवार, ३१ मार्च

झावळ्यांचा रविवार. पाचवा रविवार, भिंगारदिवे नाहीत, दहाला वेदीवर काही नाही. एकच प्रभुभोजन, आमचं. आणि मार्च तिचाच. शेवटचा.

उपासना संपल्यावर ती मागच्या दाराने आली. आमच्या बायका झावळ्या हातात घेऊन बघत राहिल्या. मुकुंद माझ्या कानाशी म्हणाले, "देऊ नकोस. आपलं आपण धुऊ. पुन्हा मोरीत जायला हवंय का?"

मी गाठोडं दिलं. मार्च तिचा आहे. नियम नियम.

तिने घेतलं. बोटांना बोटं लागणार नाहीत अशा बेताने घेतलं. मी म्हटलं, "जपून, लेसचा आहे त्यात."

ती म्हणाली, "मला शिकवू नका."

हे इतकं झोंबलं की घरी येऊन झावळी मोडून टाकली. पुढच्या वर्षीची राख होती ती.

सोमवार, १ एप्रिल

शाळेतून कापडं आणायला गेले. खोलीत दोरीवर सगळी वाळत घातलेली, लेस ताणून टाचणी लावून, आई लावायची तशी. कुणी नव्हतं.

बाहेर जास्वंदीच्या मुळाशी मुंग्यांची रांग.

खाली बसून बघितलं. माती अजून ओलसर, कडेने गुलाबी. काल दुसरं काही धुतलंच नव्हतं. हे आमचं पाणी.

आणि मग ते घमेलं डोळ्यांपुढे आलं. तीन तारखेचं. बिनरंगाचं. ती मला दाखवून ओतत होती ते दुसरं पाणी होतं. पहिलं आधीच झाडाला गेलेलं. मी झाडाकडे बघितलंच नाही. मोरीकडे बघत राहिले. समितीसमोर उभी राहून शपथेवर सांगितलं, पाहिलं म्हणून!

मला दुखवायचं होतं तिला. ते तिने केलं. बाकी काही तिच्याही हाताला जमलं नाही.

मुकुंदना सांगणार नाही. सांगितलं तर उद्या हे समितीकडे जाईल.

मंगळवार, २ एप्रिल

आमची कापडं शाईच्या खुणेसकट घेऊन आत्ता तिच्या घरी जाते आहे. भावजी कामावर असतील. दार उघडलं तर एवढंच म्हणणार: सरले, ईस्टरनंतर माझी तू धू, तुझी मला दे. कुणाला कळायचं नाही.

नाही म्हणेल. शकुंतलाबाई म्हणून नाही म्हणेल.